रिठदच्या वाटेवरचे दोन कोस

खोटं बोलणं मला या जन्मात जमलं नाही. तोंड उघडायच्या आधी माझा चेहराच बोंब मारतो. तरी सासूबाईंनी त्या दिवशी नेमकं मलाच पाठवलं, आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

आमचा मळा वाशीमच्या शिवेला लागून. वांगी, मेथी, मिरची तोडायची आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायचा. शेजारच्या मळ्यातली सून माझी जोडीदारीण. दोघी एकाच साली लग्न होऊन आलो, तेव्हापासून बाजारात टोपल्या शेजारीशेजारी. तिची जीभ म्हणजे लवंगी मिरची. एखादी बाई वांगी फार उलटीपालटी करायला लागली की ही म्हणायची, "काय वं माय, वांगं पाहून राह्यली का पोरीसाठी नवरा?" बाई लाजून मुकाट वांगी घ्यायची.

तिचा नवरा अबोल. जे काय बोलायचा ते मोटेच्या दोन बैलांशी. त्या बैलांना तो कुणाला हात लावू देत नसे, सख्ख्या धाकट्या भावालासुद्धा नाही. "लोकाईले एक सवत असते, मले दोन हायत. त्याईले शिंगंबी हायत," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसायची.

उन्हाळ्यात ती चार दिवस माहेरी गेली होती, रिठदच्या वाटेवर दोन कोसांवर. इकडे एका सकाळी तिचा नवरा मोट हाकत असताना विहिरीवरचं लाकूड कडाडलं. त्यानं आधी बैल सोडून बाजूला बांधले, मग काठावर वाकून बघायला गेला आणि लाकडासकट खाली गेला. वर काढला तेव्हा काही उरलं नव्हतं. तिशीचाही नव्हता हो!

आमच्याकडे माहेरी गेलेल्या सुनेला असली बातमी वाटेत सांगत नाहीत. ऐकून बाई चालत्या गाडीतून उडी टाकते म्हणे. "सासूले बरं नाई म्हणजो," सासूबाई म्हणाल्या, "अन् घर येईलोक तिच्या कानावर काई पडू देऊ नोको. तिचा तुह्यावर इस्वास हाय."

विश्वास आहे म्हणून खोटं सांगायचं! वा रे न्याय! मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत गाडीत बसले. गाडी हाकायला तिचा धाकटा दीर. त्यानं घाईत समोर दिसले ते बैल जुंपले होते.

ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. गाडी बघून उठून उभी राहिली. "तुह्या सासूले बरं नाई, चाल," मी घोकलेलं म्हटलं. ती गाडीकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. सासू आजारी आणि ही नटून निघाली! मला तिचा असा राग आला म्हणता.

वाटेत तिची टकळी चालूच. "येंदा कांदे लावू म्हणते तो. मी म्हटलं लाव, पण इकाले मी नाई बसत, डोये चुरचुरतात." "झोपीतबी बैलाईले हाका मारते. माह्यं नाव नाई घेत कधी." मी नुसती हूं हूं करत होते. मध्येच तिनं भाकर-ठेच्याचं गाठोडं सोडलं. "सकायपासून काई खाल्लं नाई दिसत तू. खाय." नको म्हटलं तर स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घास कोंबला आणि उरलेली भाकर हातात दिली.

दीर पाठमोरा, मान खाली घालून हाकत होता. त्याला दोनदा म्हणाली, "भाऊजी, हळू हाका. घाई कायले?"

मळ्याची शीव आली. विहिरीजवळ माणसं उभी दिसायला लागली. तिनं माझा हात घट्ट धरला.

"बस झालं आता. लय सोंग केलं तू."

मी विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"बैलाईनं. तो जिता असता तर हे बैल दुसऱ्याच्या हाती देल्ले असते का त्यानं?"

"मंग तितंच काहून नाई बोलली वं?"

"तितं बोलली असती तर तो तितंच मेला असता," ती म्हणाली. "दोन कोस जिता ठेवला मी त्याले."

गाडी थांबली. ती उतरली, पुढे गेली, दोन्ही बैलांच्या कपाळावरून हात फिरवला. मग माणसांनी वाट दिली आणि ती हिरव्या लुगड्यात त्याच्याकडे चालत गेली.

तिला सांभाळून आणायला मला पाठवलं होतं. मी गाडीतच बसून राहिले, हातात तिनं दिलेली भाकर घेऊन, आणि लहान पोरीसारखी रडले.