विलासच्या नावाची सुट्टी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं सोफ्यावर बसून चहा पितो आणि तो सोफा मी एका बुधवारी, सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरहून आणला, एवढंच तिला माहीत आहे. सुट्टी कसली होती तेही ती सांगेल. कोर्टाची. त्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत मी बावीस वर्षं काम करतोय. विलास माझ्याच खात्यातला, कुळगावात आमच्याच गल्लीत राहणारा. पहिली पाळी सुटली की आम्ही दोघं सायकलवरून बरोबरच घरी निघायचो. त्या दिवशी कुणीतरी त्याला गावाकडचा फणस दिला होता. कॅरिअरवर तो काही केल्या राहीना. गेटबाहेर थांबून मी सायकल धरली, त्याने सुतळीचे चार वेढे मारले, वर दोन गाठी मारल्या आणि म्हणाला, "सुनंदा नाचेल आज." मी माझी सायकल घ्यायला वळलो. तो वीसेक पावलं पुढे गेला असेल — शेजारच्या कारखान्यातून एक टेम्पो मागे न बघता उलटा बाहेर आला.

विलास जागच्या जागी गेला.

टेम्पोवाल्याने पोलिसांना सांगितलं, माणूस मुद्दाम चाकाखाली आला. बस. एवढं एक वाक्य. पण गल्लीला ते पुरलं. जीव दिला म्हणजे घरात काहीतरी असणार — बायकोचंच काहीतरी असणार. नळावर सुनंदावहिनी आल्या की बाकीच्या गप्प व्हायच्या. फणसाचं मी त्यांना सांगितलं होतं, त्या ते सगळ्यांना सांगत सुटल्या, पण बायकोच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? मला साक्षीचं समन्स आलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही फक्त त्या फणसाचं सांगा. कोर्टाच्या कागदावर एकदा येऊ दे. मला बाकी काय नको."

आमच्या साहेबांनी तेव्हा एक चांगली गोष्ट केली. म्हणाले, ज्याने पाहिलंय त्याने जाऊन सांगावं, एका दिवसाचाही पगार कापणार नाही. कोर्टाची हजेरीची चिठ्ठी आणून टाइम ऑफिसात दाखवायची. वहिनी उल्हासनगरात पापडाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिथे खाडा म्हणजे खाडा. त्यामुळे त्या कोर्टात येऊ शकत नव्हत्या, आणि मी जात होतो. भरपगारी.

पहिल्या दोन तारखांना मी उल्हासनगरच्या कोर्टात संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो. खरंच बसलो. एकदा आरोपीचा वकील आला नाही, एकदा न्यायाधीश रजेवर होते. खात्यात पोरं चिडवायची, "काय शेठ, आज कोर्टात का? ऐश आहे तुमची." मी वैतागल्यासारखं दाखवायचो. पण मला ती सुट्टी आवडायला लागली होती — हे सांगताना मला माझी किळस येते, पण आवडायला लागली होती. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी भर दुपारी मी कधी मोकळा नव्हतो.

तिसऱ्या तारखेला मी तिथल्या कारकुनाला सांगितलं, बायकोला दवाखान्यात न्यायचंय, चिठ्ठी आत्ताच द्या, तासाभरात परत येतो. भला माणूस. त्याने दिली. मी परत गेलो नाही. उल्हासनगरात दाल-पकवान खाल्लं, बाजार फिरलो, घरी येऊन झोपलो. दुपारी माझ्या नावाचा पुकारा झाला होता. नंतर हवालदाराचा फोन आला. मी त्यालाच ऐकवलं — मी आलो होतो, माझ्याकडे चिठ्ठी आहे.

चौथ्या तारखेला सरकारी वकील स्वतः म्हणाले, "आज शेवटची संधी दिलीय. जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्हाला घेतो, हलू नका." मी हो म्हणालो. मग त्यांना काय वाटलं असेल? मला काय वाटलं ते सांगतो — वाटलं, असं रोजच म्हणत असतील, पुढची तारीख पडेलच. कारकुनाला पुन्हा तीच थाप मारली, चिठ्ठी खिशात घातली आणि निघालो.

तीन वाजता मी फर्निचरच्या दुकानात एका सोफ्यावर बसून बघत होतो. सिंधी दुकानदार हसून म्हणाला, "बैठो साईं, आराम से बैठो. आज छुट्टी है ना?" खिशात फोन वाजत होता. वकिलांचं नाव दिसलं. थांबला, पुन्हा वाजला. रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता होता. मी फोन उलटा करून ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, यात चॉकलेटी रंग आहे का?

त्या दिवशी माझ्या साक्षीशिवायच सरकारी बाजूचा पुरावा बंद झाला. महिनाभरात टेम्पोवाला सुटला.

वहिनी घरी आल्या. त्याच सोफ्यावर बसल्या, अगदी कडेला, नवीन आहे म्हणून. साक्षीदार आले नाहीत असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, शेजारच्या कारखान्याचा वॉचमन होता ना दुसरा साक्षीदार, तो आला नाही, गावी पळाला. मी प्रत्येक तारखेला होतो, मला बोलावलंच नाही. एवढ्यावर थांबलो नाही — उठून कपाटातून चारही चिठ्ठ्या आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. ऑफिसात मी झेरॉक्स दिल्या होत्या. अस्सल माझ्याकडेच होत्या.

वहिनींनी एकेक चिठ्ठी हात पुसून घेतली. शिक्का बघितला. म्हणाल्या, "तुम्ही तरी गेलात, भावजी. यातली एक मला द्याल? पोरीला दाखवीन. बापासाठी कोणतरी उभं होतं म्हणून."

मी दिली. सगळ्यात वरची होती ती, बुधवारची.

गल्लीत अजूनही म्हणतात, विलासने जीव दिला. गेल्या वर्षी वहिनींच्या मुलीला बघायला आलेल्यांनीही ते आडून विचारलं. मी तिथेच बसलो होतो. पोहे खात होतो.

वहिनींच्या घरी विलासच्या फोटोच्या चौकटीत, काचेच्या आत, ती चिठ्ठी लावलेली आहे. या सगळ्या प्रकरणात कोर्टाचा एवढाच एक कागद त्यांच्या हाती आला. त्यावर फणसाचं काही नाही. त्यावर माझं नाव आहे, आणि पुढे लिहिलंय — हजर.