छातीची गोळी

आमच्या आळीत मासळी घेऊन येणारी ही साठीची बाई मोठ्यानेच बोलते. पापलेटचा भाव सांगावा तसं तिने स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशनही दारोदार सांगितलं. त्यानंतर रोग परत येऊ नये म्हणून तिला रोजची हार्मोन रोखणारी गोळी सुरू झाली आणि यंदा रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं.

अलिबागला डॉक्टरांकडे मी तिच्या सोबतीला गेले. तिने दारातूनच विचारलं, "डॉक्टर, मी तेलकट खात न्हाय, दिवसभर पायी फिरते. मंग चरबी वाढली कशी? ही छातीची गोळी बंद करू काय?"

बाहेर बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, या गोळीनं काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं. पण ती सोडायची नाही. कोलेस्टेरॉलसाठी वेगळं औषध देतो, मग पुन्हा रक्त तपासू."

आम्ही बाहेर आलो, तर कोपऱ्यातल्या एका बुरखेवाल्या बाईने मासळीवालीचा पदर धरला. "तीच गोळी मी घाबरून कधीची बंद केलीय," ती पुटपुटली. "घरात कुणाला माहीत नाही."

मासळीवालीने तिला हाताला धरून उठवलं. "चल बाय, मी हाय," म्हणत तिने डॉक्टरांचं दार पुन्हा ढकललं.

आत जायचा नंबर खरा तिथे बसलेल्या दुसऱ्याच एका बाईचा होता. पण तिने बाजूला सरकून दोघींना वाट दिली.