तिसऱ्या भागाचं मध्यंतर

नणंदेला स्थळ आलं होतं. मुलगा दिंडोरीचा, घरची द्राक्षबाग, स्वतः सातपूरला कारखान्यात. पोहे झाले, पत्रिका जुळली. दोघांनी एकदा बाहेर भेटावं असं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी मला सोबत धाडलं आणि दारातच बजावलं, "त्याचं आधी एकदा ठरून मोडलंय. तो विषय काढायचा नाही. संध्याकाळी होकार कळवायचाय."

मी कामं वाटून दिली. तिकिटं त्याने काढायची, कडेची खुर्ची माझी, बोलायचं त्या दोघांनी. पिक्चर कुठला, एवढं विचारायचं राहिलं. निघाला एका उडणाऱ्या महानायकाचा तिसरा भाग, हिंदीतला. पहिले दोन आम्ही दोघींनी पाहिले नव्हते.

मारामारी कळत होती. पण तो नायक सारखा एका घराच्या फाटकाशी जायचा, कडीला हात लावायचा आणि परत फिरायचा. थिएटर चिडीचूप, आम्ही कोरड्या. मुलगा सांगायला वाकला तशी नणंद म्हणाली, "थांबा. न सांगता कळतं का बघते."

मध्यंतरात तो समोसे घेऊन आला. "कळलं?"

"नाही. ते घर कोणाचं?"

"दुसऱ्या भागात याच्या चुकीने एक पोरगा गेला. त्याच्या आईचं."

"मग तिला भेटत का नाही?"

"कोणत्या तोंडाने भेटणार?"

नणंदेने समोसा कागदात परत ठेवला. "आणि तुमचं आधीचं का मोडलं?"

मी तिचा पाय दाबला.

"वहिनी, पाय तुडवू नका. जन्म मला काढायचाय."

तो म्हणाला, "तिला नोकरी सोडायची नव्हती. वडील म्हणाले, सुनेने बाग बघायची. मी मधे बोललोच नाही. तिने नकार कळवला."

"मीही नोकरी सोडणार नाही."

घंटा झाली. "आज घरी बोलतो," तो म्हणाला.

"बोला. मग माझं सांगते."

उत्तरार्धात ते फाटक उघडलं तेव्हा मला रडू आवरेना. त्याने दोन वाक्यांत सांगितलं नसतं तर मी तेव्हा पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत बसले असते. असले पिक्चर आधीचे भाग न बघता कळतात ते मारामारीपुरते. मुलाचं मात्र पडद्याकडे लक्षच नव्हतं.

घरी सासूबाई फोनपाशीच बसलेल्या. "कळवू ना होकार?"

"थांब, आई," नणंद म्हणाली.

अंधार पडला तरी ती थांबच म्हणत होती. शेवटी तिकडूनच फोन आला. मुलाच्या वडिलांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "काय शिकवून धाडलं वो आमच्या पोराला? कधी तोंड वर करून बोलला नाय, अन् आज ताटावरून उठला. म्हणतो, सुनेची नोकरी चालत असंल तरच लग्न!"

सासूबाईंनी रिसीव्हर हाताने झाकला आणि माझ्यावर डोळे वटारले. "काय बोललात तिथे?"

नणंदेने रिसीव्हर काढून घेतला. "काका, नोकरी मी करणारच. रविवारी सुट्टी असते. बाग बघायला येऊ?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"या," पलीकडून आवाज आला. "पण चपला जुन्या घाला. पाणी सोडलंय, चिखल हाय."