साखळीसाहेबांचा दगड

साखळीसाहेब कुणाकडेही दोन्ही डोळ्यांनी पाहत नसत. समोर माणूस असो, म्हैस असो की चहाचा कप, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने रोखून पाहायचं, ही त्यांची रीत. नवख्या बायका भलतंच समजून पदर सावरायच्या. खरं तर त्यात रंगेलपणा काही नव्हता. सगळी हयात सरकारी मोजणीदार म्हणून गेलेली. तिपाईवर फळी मांडायची, फळीवरच्या पट्टीला एक डोळा लावायचा आणि लांबच्या झेंडीकडे पाहायचं, त्याची ही सवय. पण नोकरी सोडून ते चित्रकार झाले तेव्हा त्या मिटलेल्या डोळ्याचंही त्यांनी भांडवल केलं. म्हणायचे, "कलावंताला एक डोळा पुरतो. दुसरा संसाराला." संसाराला तोही त्यांनी कधी दिला नाही, हे त्यांच्या बायकोनं सांगितलं असतं; पण तिला कुणी विचारत नसे.

मला हा माणूस आवडत नसे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, ते मला जमणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मोजणीची साखळी घेऊन गावोगाव हिंडायचे म्हणून ते साखळीसाहेब. पुढे त्यांनी कार्डं छापून नावाआधी 'कलावंत' लावलं, पण परतूरच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा त्यांना साखळीसाहेबच म्हणत राहिली.

जालना जिल्हा नवा नवा झाला त्या सुमाराला ते आमच्या शेतात आले. आमचं शेत वाटूरला. वडील मी सातवीत असतानाच गेले, तेव्हापासून सगळं मायच बघायची. शेजारचे दत्तराव दर पेरणीला धुरा कोरून दोन काकऱ्या आत सरकायचे. धुरा म्हणजे आमच्याकडे बांध. भांडून भांडून माय थकली आणि तिनं मोजणी मागवली. तिला धास्ती अशी नव्हतीच. शेताच्या टोकाला आमचा लिंब, म्हणजे कडुनिंब, होता आणि लिंबाच्याही पलीकडे दहा पावलांवर हद्दीचा जुना दगड. दर पोळ्याला बैलांचं झालं की ती चुना कालवून त्या दगडाला लावून यायची. आता ज्याला दरसाल चुना लावला तो दगड कुठं जातो, असा तिचा हिशेब.

मोजणीच्या दिवशी मी जालन्याला कॉलेजात, परीक्षेत होतो. साहेब लिंबाखाली टेकले आणि मायला म्हणाले, बाई, जरा चहाचं बघा. घर तिथून अर्धा कोस. ती किटली घेऊन परत आली तोवर साखळी गुंडाळूनही झाली होती. महिन्याभरानं कागद आला. हद्द लिंबाच्या अलीकडे दाखवलेली, आणि खाली लिहिलेलं, जुना दगड आढळून आला नाही. तोवर दत्तरावांनी नांगर घालून दगड खरोखरच नाहीसा केला होता.

"दगड व्हता," माय म्हणाली. "मी चहा घेऊन आल्ते तवा व्हता."

चुना लावलेला दगड मलाही आठवत होता. पण तो लिंबाच्या अलीकडे की पलीकडे, हे छातीवर हात ठेवून मला सांगता आलं नसतं. शेतात माझं पाऊल सुट्टीपुरतं. शिवाय मी शिकलेला. मी तिला समजावलं की माय, सरकारी कागद आहे, त्यांची साखळी चुकत नाही, तू दुसऱ्याच कुठल्या दगडाला चुना लावत असशील. फेरमोजणी मागायला कुणीतरी शिकलेलं पाठीशी लागतं, आणि घरातला शिकलेला मीच होतो. त्या पोळ्याला तिनं चुना कालवला नाही.

साहेबांनी पैसे खाल्ले असते तर मी त्यांना इतकी नावं ठेवली नसती. पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. ते कौतुक खायचे. त्यांच्या पिशवीत एक रेखाटनाची वही असायची, आणि ती वही उघडून "वा" म्हणणाऱ्याची हद्द हमखास पुढे सरकायची, हे परतूर तालुक्यात ज्याला कळलं त्याचं कल्याण झालं. दत्तरावांना ते बरोबर कळलं होतं. माय चहाला गेली तेवढ्यात ते म्हणाले होते, "साहेब, हा हात साखळी वढायचा न्हाई." दोन महिन्यांत दत्तरावांच्या बैठकीत एक मोठं चित्र लागलं. दत्तराव घोड्यावर बसलेले. सायकलच्या कॅरिअरशिवाय दुसऱ्या कशावर हा माणूस जन्मात बसला नव्हता. तो घोडा आमच्या लिंबाखालच्या जमिनीवर पोसला गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पुढे मला परतूरच्या शाळेत नोकरी लागली आणि खोली मिळाली ती नेमकी साहेबांच्या गल्लीत, दोन घरं सोडून. मी कुणाचा, हे त्यांनी ओळखलं नाही. इतके बांध मोडलेला माणूस कुणाकुणाला ओळखणार? मीही ओळख दिली नाही. चार वर्षं नोकरी शिल्लक असताना त्यांनी कलेसाठी राजीनामा दिला, त्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. शाल-नारळ घेऊन ते बोलायला उभे राहिले. मोजणी ही हमाली होती म्हणाले, आता उरलेलं आयुष्य तपश्चर्या. पंचवीस वर्षं नोकरीनं माझा हात बांधून ठेवला होता, असंही म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या. मनात मात्र आलं, खरंच बांधून ठेवला असता तर किती लोकांचं भलं झालं असतं.

तपश्चर्येसाठी त्यांनी मोजणीची एक जुनी तिपाई कुठूनशी मिळवली होती. तिच्यावर चित्राची फळी ठेवायची आणि छत्री रोवून कुणाच्या तरी शेतात उभं राहायचं. आता साखळीसाहेब, तीच तिपाई, तोच मिटलेला डोळा. लोकांनी काय समजावं? एकदा रेल्वेच्या रुळांपलीकडे ते असेच उभे होते, तर खळ्यावरचं काम टाकून दोन भाऊ सातबारा घेऊन पळत आले. धाकटा म्हणाला, "साहेब, अर्ज कुणी देल्ता?" थोरला म्हणाला, "ह्यानंच देल्ता. मला न सांगता मोजणी करून राह्यला." साहेबांनी आपण चित्र काढत असल्याचं सांगितलं. त्यावर थोरल्यानं विचारलं, "मंग आमच्याच धुऱ्यावर का?" दोघा भावांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. साहेबांनी त्यांना फक्त जरा बाजूला होऊन भांडायला सांगितलं, कारण ऊन उतरत होतं. संध्याकाळी गल्लीत ते मला सांगत होते, "आपल्या लोकांना कलेची बिलकुल समज नाही, सर."

आणि एवढं करून चित्रं कशी, तर त्यांचा बैल शेळीसारखा दिसायचा आणि आभाळ शाईच्या दौतीत बुडवून काढलेलं. माणसं त्यांना येतच नसत. दत्तरावांचं तोंडही मिशीमुळेच ओळखू यायचं. एक मात्र कबूल केलं पाहिजे. झाड, विहीर, वाट जिथल्या तिथे असायची. गल्लीतला विजेचा खांब त्यांनी काढला तर तो आमच्या दारापासून जितका लांब तितकाच लांब दिसायचा. मला त्याचंही हसू यायचं. मी म्हणायचो, एवढं होतं तर फोटो का काढत नाहीत.

नव्वदनंतर केव्हातरी माझी बदली जालन्याला झाली आणि दोनेक वर्षांनी त्यांचं छापील आमंत्रण आलं. जालन्यातच मस्तगड भागात एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये या कलावंतांच्या चित्रांचं प्रदर्शन, दोन दिवस. खोटं कशाला सांगू, मी हसायलाच गेलो. हॉलमध्ये समई, सतरंजी, तीस-पस्तीस चित्रं आणि साहेब. खालच्या दुकानातला एक नोकर पंख्याखाली डबा खात बसला होता. साहेबांनी मला हाताला धरून एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. मी "वा, वा" करत चाललो होतो आणि सातव्या की आठव्या चित्रापाशी माझे पाय थांबले.

आमचा लिंब होता. पंचमीला मी ज्या आडव्या फांदीला झोका बांधायचो ती फांदीसुद्धा होती. आणि लिंबाच्या पलीकडे, दहा पावलांवर, एक पांढरा ठिपका. चित्राखाली टेबलावर जुनी वही उघडून ठेवलेली, मूळ रेखाटन म्हणून. त्याच्यावर तारीख मोजणीच्या दिवसाची. त्यातही तो ठिपका होता.

मी विचारलं, हे कुठलं?

"वाटूरचं. मोजणीला गेल्तो. त्या बाई चहाला गेल्या, तेवढ्यात उभ्या उभ्या काढलं."

"आणि हे पांढरं काय?"

त्यांनी डावा डोळा मिटला. "हद्दीचा दगड. चुना लावलेला होता. तो नसता तर हा कोपरा रिकामा पडला असता, सर."

"पण तुमच्या कागदात होतं, दगड आढळून आला नाही. त्या बाई माझी माय."

साखळीसाहेबांनी दुसरा डोळा उघडला. मी त्यांना दोन्ही डोळ्यांनी पाहताना तेवढं एकदाच पाहिलं. मग चित्राकडे वळून हळूच म्हणाले, "नकाशात चालून जातं हो. चित्रात न्हाई चालत."

बारा वर्षं माझी माय खोटी ठरली होती, आणि या माणसाला तिचा दगड आठवत होता तो कोपरा भरायला. गचांडी धरावी असं वाटलं. पण त्यातून मायच्या हाती काय लागलं असतं? मी दत्तरावांचीच वाट धरली. म्हणालो, साहेब, असा दगड काढलेला मी कुठं पाहिला नाही. हे चित्र मला द्या, आणि मागे ठिकाण लिहून सही करा. त्यांनी चित्र उतरवलं, पालथं केलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं: वाटूर, लिंब आणि हद्दीचा दगड. सही करायला पेन टेकवला, थांबले, आणि मी न सांगताच आणखी तीन शब्द लिहिले: प्रत्यक्ष पाहून काढले. मग वळणदार सही. मी केलेलं कौतुक त्यांना खरं वाटलं होतं की सगळं कळूनच त्यांनी लिहिलं, हे मला आजही सांगता येत नाही. वहीतलं पानही त्यांनी फाडून हातात ठेवलं.

चादरीत गुंडाळून मी ते चित्र वाटूरला नेलं. मायनं पदराला हात पुसले आणि ती उभ्यानंच पाहत राहिली. म्हणाली, "लई पांढरा काढलाय. त्या साली चुना कमी पडल्ता." मी मागची ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हंजी त्यानं पाहिल्ता. दुसरा दगड असंल, हे तूच म्हनला." दत्तरावांना तिनं कधी माफ केलं नाही, साहेबांनाही नाही, पण त्या दिवशी मला कळलं की तिला खरं टोचलं होतं ते माझं बोलणं. मी तिचे पाय धरले. चुकलो म्हणालो. तिनं खिळा आणायला सांगितलं.

जमीन काही परत आली नाही. इतक्या वर्षांनंतर चित्र दाखवून कोण बांध सरकवतो? दत्तरावांच्या पोरांनी पुढे लिंबही तोडला. साखळीसाहेब गेले तेव्हा मी परतूरला भेटायला गेलो होतो. त्यांच्या चित्रांपैकी काही माळ्यावर, आणि एक शेजाऱ्याच्या शेळीच्या खोपीला आडोसा म्हणून लावलेलं. बैलाची बाजू बाहेर होती. मला वाईट वाटलं नाही.

आमच्या घरचं चित्र मात्र माय होती तोवर दर पोळ्याला पुसलं जायचं. पाहुणारावळा आला की विचारायचा, कुणी काढलं, कोण चित्रकार? माय सांगायची, "चित्रकार कुठला आलाय. मोजणीवाला व्हता एक. जल्मात एकदाच बराबर मोजलं त्यानं."