हात धुऊन या, फोटो काढायचाय

फोन आला तेव्हा मी रोह्याच्या आमच्या सरकारी शाळेत प्रार्थनेला उभी होते. पेणहून, रामवाडीतून, मोकल गुरुजींची बायको सुनंदाताई बोलत होत्या. "बाई, हे गेले. आंघोळीला पाणी काढत होते..." अशा वेळी आधी रडू यावं, अशी रीत आहे. मला राग आला. मोकल गुरुजींचा वर्ग सातवीत होता. आठवीपर्यंत न्यायला एकच वर्ष उरलं होतं! आयुष्यभर बदल्यांनी या माणसाला एक वर्ग पुरा करू दिला नाही, आणि आता बदली टळली तर छातीनं दगा दिला. प्रार्थना संपत आली, पोरं "शांती, शांती" म्हणत होती आणि मी दात-ओठ खात उभी.

मोकलनं आणि मी पेणला एकत्र डी.एड. केलं. नोकरी लागल्यावर एका सुट्टीत हा कुठल्याशा शिबिराला गेला आणि झपाटून परतला. वॉल्डॉर्फ हा शब्द, म्हणजे शिकवण्याची एक परदेशी पद्धत, आमच्यात त्यानंच आणला. आधी हात, मग अक्षर. रोज सकाळी शिक्षकानं दारात उभं राहून प्रत्येक मुलाच्या हातात हात द्यायचा. आणि मुख्य म्हणजे, पहिलीला जो शिक्षक तोच आठवीपर्यंत. मी हसून हसून लोळायचीच बाकी होते. "अरे, ही फी भरणाऱ्यांची चैन. आपल्या वर्गाला धड फळा मिळाला तरी पुष्कळ!" तर म्हणतो, "हात तर सगळ्यांना फुकटच मिळतात गो."

पहिला प्रयोग धरमतरच्या खाडीकाठी. त्या पद्धतीच्या पुस्तकात लोकर विणायला सांगितली होती. एप्रिल महिन्यात खाडीवर लोकर! मोकलनं पोरांना मासेमारीचं जाळं विणायला बसवलं आणि गाठींवर पाढे घेतले. आठवड्याभरात एक आई मिठागरातून तशीच आली, पायांवर सुकलेलं मीठ, कंबरेला खोचलेला पदर. "गुरुजी, जाळं विनाला आमच्या घरान म्हातारा हाय. पोराला साळंत कशाला धाडलाय मंग?" मोकलनं तिच्याच पोराला हाक मारली. एका ओळीत सहा गाठी, तर सात ओळींत किती? पोरगं गाठीवरचं बोट न उचलता म्हणालं, "बेचाळीस." मोकल राजासारखा तिच्याकडे वळला. ती म्हणाली, "व्हय, पन येवढा तर त्याच्या बापाला पन येतो. त्याला कंपनीत घेतला काय कोनी?"

जूनमध्ये ते पोरगं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये दिसलं. हा किस्सा मोकल स्वतःच रंगवून सांगायचा, त्या बाईचा आवाज काढून. मग स्वतःच्या आवाजात विचारायचा, "तिचं काय चुकलं, सांग."

तो वर्ग तिसरीत गेला आणि याची बदली झाली. दुसऱ्या शाळेत पाचवीपर्यंत मजल गेली, पुन्हा बदली. शेवटी रोह्याला आमच्या शाळेत आला, तो पन्नाशीला टेकलेला. आल्या आल्या मागणी काय, तर पहिलीचा वर्ग! पुढे घराजवळ पेणला जायची संधी आली, तीही यानं सोडली. रोज रामवाडी ते रोहा, येऊन-जाऊन. सुनंदाताई माझ्यापाशी कुरकुरायच्या, "माझा हात सात पावलं धरला, त्या पोरांचा आठ वर्षं धरणार हा माणूस!"

पोरं बहुतेक धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची. चौथीत त्यांनी अंगणात मातीची कुंडलिका नदी केली, डोंगरापासून खाडीपर्यंत, आणि वरून पाणी सोडलं. नेमके त्याच दिवशी एक साहेब तपासणीला आले. मला वाटलं, आता पुस्तक कुठाय विचारणार. पण साहेब खूश! "वा, कृतीतून शिक्षण! फोटो टाकायलाच हवा. चला रे, हात धुऊन या, फोटो काढायचाय." पोरं गेली, हात धुऊन आली, नदीमागे ओळीत उभी राहिली. फोटोत नदी आली, स्वच्छ हात आले. मोकल फोटोत नाही. तो नळापाशी उभा राहून आपले हात बघत होता. मी चिडवलं, "तूही धू की." तो हसला नाही. इतक्या वर्षांत माझ्या विनोदाला तो तेव्हाच हसला नाही.

सहावीत प्रत्येकानं नारळाच्या करवंटीची पळी केली. तासायची, पॉलिशपेपरनं घासायची, बांबूचा दांडा बसवायचा. दुपारची खिचडी त्याच पळ्यांनी वाढली जायची. एक करवंटी त्यानं माझ्या टेबलावरही ठेवली होती. "मी गणिताची बाई, सुतार नाही," म्हणून मी ती कपाटात सारली. दर शनिवारी विचारायचा, "झाली का गो?"

शाळेत शोकसभा झाली. तेच साहेब आले, चांगलं बोलले, 'हातांना डोळे देणारा शिक्षक' वगैरे. शेवटी मुलांनी आपापल्या पळ्या घेऊन गुरुजींच्या तसबिरीभोवती फोटोसाठी उभं राहायचं ठरलं. पळ्यांना खिचडी लागलेली, हातांनाही. साहेबांनी तोंड उघडलं आणि मी सगळ्या शाळेदेखत ओरडले, "हात धुवायचे नाहीत!" साहेब दचकले. मला तेवढाच काय तो आनंद.

मग मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, हा वर्ग मला द्या, आठवीपर्यंत नेते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आठवीला विषयवार शिक्षक येतात. वर्ग असा कुणाचाच नसतो." विषय संपला. मीही बदलीला पात्र आहेच. जूनमध्ये मी कुठे असेन, ते मलाही ठाऊक नाही.

तोवर सातवी माझ्याकडे आहे, म्हणून सकाळी दारात उभी राहते. मला जमेल असं वाटलं नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी मी सरळ आत जाऊन हजेरी उघडली, तर बाहेरून कुणी हललंच नाही. सगळी ओळ उजवा हात किंचित पुढे करून उभी. मग मी उठून दाराशी गेले. परवा वर्गातल्या करिश्मानं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. उलटा-सुलटा करून बघितला.

"बाई, गुरुजींचा हात खरखरीत होता. तुमचा लय मऊ हाय."

"मग? काय करू?"

"कायतरी काम करा ना."

कपाटातून करवंटी काढली आहे. एक बाजू घासून झाली.