मंडईच्या दिवसांतला स्लॅब

बाळांनो, थोरलीने प्रकल्प व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याचं परवा फोनवर कळलं. "आईनेही हेच केलंय ना? मग ती काही सांगत का नाही?" असं तिने मला विचारलं. तुमची आई ते हसण्यावारी नेते. तुमच्या या आजीला अजून सगळं नीट आठवतं आहे, तोवर लिहून ठेवते.

तुमची आई नाशिककडची, स्थापत्य अभियंता. लग्नानंतर गोंदियाला आली, एका कंत्राटदाराकडे नोकरीला लागली आणि दूरशिक्षणाने ही पदवी सुरू केली. मध्येच तुम्ही दोघं झालात. दर वेळी काहीतरी मागे राहिलं. लेखी परीक्षा कशाबशा पार पडल्या, आणि नोंदणीची मुदत संपायला आली तेव्हा फक्त प्रबंध उरला होता. एका खऱ्या कामाचं नियोजन करायचं, ते करून घ्यायचं, आणि ठरवलेलं व घडलेलं शेजारी शेजारी मांडायचं. तो वेळेत पोचला नाही तर सगळं पहिल्यापासून.

"पहिल्यापासून आता माझ्याने होणार नाही, आई," ती मला म्हणाली होती.

तिने तिरोड्याजवळच्या एका गावातल्या सभागृहाचं काम निवडलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचा तक्ता पसरलेला असे आणि आपण ताटं मांडीवर घेऊन जेवत असू. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून प्रबंधाची भाषा तपासायचं काम माझ्याकडे. तक्त्यात दिवाळीची सुट्टी होती आणि नंतरच्या सोमवारी छताचा स्लॅब. स्लॅब एकदा ओतायला घेतला की थांबता येत नाही. मध्ये काम थांबलं तर तिथे सांधा राहतो आणि पुढे पाणी गळतं. म्हणजे सगळे मजूर एकाच दिवशी हवेत.

त्या सोमवारी एकही मजूर आला नाही.

आपल्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, रात्रभर दंडार, म्हणजे नाच-गाण्यांचं लोकनाट्य, रंगते, लेकी-जावई, पाहुणे येतात. मजूर चार गावांचे, त्यामुळे रोज कुठल्या ना कुठल्या गावाची माणसं नसायची, आणि सगळे मिळणार नाहीत म्हटल्यावर त्या सोमवारी बाकीचेही फिरकले नाहीत. तुमच्या आईला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमबाईंच्या घरी ती गेली, मीही सोबत गेले.

"मावशी, दुप्पट रोजी देते, पण उद्या या."

"रोजी ठेवा तुमच्यापाशी," मुकादमबाई पोहे निवडता निवडता म्हणाल्या. "लेक सालभरानं घरी येऊन राहिली. तिले का म्हणू, तू बस, मी सिमेंट उचलून येतो?"

"पण माझी परीक्षा आहे हो."

"मंग परीक्षा मंडईतच काऊन ठेवली?"

घरातल्या बायका हसल्या. तुमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने तोंड फिरवलं.

घरी तुमचे बाबा म्हणाले, "तारखा जुळव आणि पाठवून दे. परीक्षक काय स्लॅबवर चढून बघणार आहे?"

"न झालेलं काम झालं म्हणून लिहू? मग शिकले काय?" ती एवढ्या जोरात बोलली की धाकटा रडायला लागला.

मुकादमबाईंच्या गावच्या मंडईला ती तुम्हाला घेऊन गेली. कामाचं अवाक्षरही काढलं नाही. तुम्ही उकडलेले शिंगाडे खाल्ले, त्यांच्या लेकीच्या हातचे वडे खाल्ले. निघताना मुकादमबाईच म्हणाल्या, "मंगळवारी कोण्याच गावची मंडई नाही. त्या दिवशी घ्या तुमचा स्लॅब. पण रातभर दंडार पाहून येऊ, झोपीचं नाव काढाचं नाही!"

प्रबंध त्याच आठवड्यात नागपूरच्या अभ्यासकेंद्रात पोचायला हवा होता.

मंगळवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा साइटवर रखवालदाराशिवाय कोणी नव्हतं. तुम्ही वाळूच्या ढिगावर खेळत होतात. तुमची आई मिक्सरजवळ उभी होती, घड्याळही बघत नव्हती. ऊन वर आलं. मी तिला चहा दिला, तो तिच्या हातातच थंड झाला. मग रस्त्याच्या वळणावर ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत उभी माणसं, डोळे लाल, कोणाच्या गालावर अजून दंडारीचा रंग.

"कायले घाबरता, बाई? आलो ना!" मुकादमबाई ट्रॉलीतूनच ओरडल्या.

स्लॅब सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत थांबला नाही. ऐन दुपारी मिक्सर दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा बायकांनी फावड्यांनी हातानेच काँक्रीट कालवलं आणि घमेली वर जात राहिली.

ठरलेल्या सोमवारपासून त्या मंगळवारपर्यंत तक्त्यावर जी जागा मोकळी राहिली, तिथे तुमच्या आईने 'मंडई' असंच लिहिलं, आणि त्यावर एक प्रकरण लिहून प्रबंध मुदतीत पोचवला. तोंडी परीक्षेत परीक्षक सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबले. परत आल्यावर ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "झालं, आई."

ते सभागृह अजून उभं आहे. मंडईच्या दिवशी दंडारीची मंडळी तिथेच रंग लावतात. छत गळत नाही.