‘दे’ म्हणजे कुठे

“आजची प्रॅक्टिस कॅन्सल,” असा मेसेज टीमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी लेकीचे, सईचे फुटबॉलचे शिनगार्ड शोधत होते. एप्रिल असूनही मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत बर्फ भुरभुरत होता, त्यामुळे नवल वाटलं नाही. मी कुकर लावायला वळले, तेवढ्यात दुसरा मेसेज आला... कोच साशा सकाळी गेले. हार्ट अटॅक. सईने तोवर एका पायात मोजा चढवलाही होता. मी फोनच तिच्या हातात दिला.

त्याला आता दीडेक महिना होईल. साशा मूळचे युक्रेनचे. तिथल्या एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबात ते डावा बचाव सांभाळायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ आंद्रिय गोलकीपर. “झालेल्या प्रत्येक गोलचा दोष तो मला द्यायचा आणि आई त्याचंच खरं मानायची,” असं ते सांगायचे. गुडघा गेला, खेळ संपला, आणि मामेभावाच्या आधाराने ते मिनेसोटात आले. दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट, संध्याकाळी आमच्या मुलींचा फुटबॉल. मोठ्या क्लबात कोच व्हायची त्यांची फार इच्छा होती, पण दरवेळी त्यांच्या इंग्रजीपाशी गाडी अडायची. याचा त्यांना राग होता आणि तो ते लपवत नसत. मुली त्यांना साशाकाका म्हणायच्या, कारण आमच्याकडे चाळिशीपुढचा कुणीही काकाच.

टीममध्ये निम्म्या मुली मराठी, आणि साइडलाइनला आम्ही पालक. पुण्या-नागपुरात जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नाही, पण सल्ले द्यायला सगळ्यात पुढे. “दे! अगं, दे ना तिला!” असा आमचा गजर चालायचा. पहिल्या सीझनला साशा मधूनच आमच्याकडे वळून मैदानाकडे हात दाखवायचे. आम्हाला वाटायचं, गप्प बसा म्हणतायत. शेवटी एकदा वैतागून त्यांनी मला विचारलं, “तुम्ही सगळे सारखं ‘कुठे, कुठे’ काय विचारता? बॉल समोर तर आहे!” त्यांच्या भाषेत ‘दे’ म्हणजे ‘कुठे’. आमच्यात ‘दे’ म्हणजे ‘गिव्ह’, हे मी सांगितल्यावर हा माणूस पोट धरून हसला. मग म्हणाला, “दोन्ही बरोबर आहे. मागायचं असेल तर कुठे हवं ते दाखवा.” तेव्हापासून टीमचा नियमच झाला, जी ‘दे’ म्हणेल तिने हाताने जागा दाखवायची. केटी आणि मॅडिसनसुद्धा ‘डे, डे’ करत हात करायला लागल्या.

मग तिकडे युद्ध सुरू झालं. आंद्रिय लढायला गेला आणि पुढे त्याच्या तुकडीशी संपर्कच तुटला. मेला म्हणावं तर निरोप नाही, पकडला म्हणावं तर कैद्यांत नाव नाही. प्रॅक्टिसला फोन आणला म्हणून मुलींना मैदानाला चकरा मारायला लावणारे साशा आता स्वतःचा फोन मुठीत घट्ट धरून उभे राहायचे. एका मॅचला आमचं ‘दे, दे’ टिपेला पोचलं आणि ते ताडकन वळले. “प्लीज... आज हा शब्द नको.” हाफटाइमला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “आई रोज फोन करते. हॅलो नाही, काही नाही. एवढंच विचारते... दे?”

त्यानंतर आम्ही तोंडं मिटून मॅच बघू लागलो, आणि मुली हरत गेल्या. काही आठवड्यांनी साशाच साइडलाइनला आले. “ओरडा पहिल्यासारखे,” म्हणाले. “त्यांना एकमेकी सापडत नाहीयेत.”

फ्युनरलला सगळ्या मुली जर्सी घालून आल्या होत्या. साशांच्या आईला येणं शक्यच नव्हतं, म्हणून मामेभावाने व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरला. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बाई पडद्यावर दिसली. मामेभावाला रडू आवरत नव्हतं. त्याच्या हातातला फोन कधी छताकडे, कधी बाकांकडे, तर कधी आमच्याकडे वळत होता. “दे?” ती म्हणाली. तिने पुन्हा विचारलं, “दे साशा?” सईला मराठी जेमतेम येतं, युक्रेनियन तर नाहीच. पण तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने शवपेटीकडे दाखवलं. फोन तिकडे वळला. मी सईचा दुसरा हात धरून ठेवला होता.

आता नवा कोच आलाय. चांगला आहे, त्याचं इंग्रजीही फर्स्ट क्लास आहे. त्याला तो नियम कुणी सांगितलेला नाही, तरी मुली अजून हात करतात. मला मात्र राग येतो... ज्याने आमच्या पोरींना जागा दाखवायला शिकवलं, त्याला स्वतःच्या भावाची जागा कुणी दाखवली नाही. परवा सई मोकळ्या जागेकडे धावली आणि हात करून “दे!” म्हणाली. बॉल बरोबर तिच्या पायाशी आला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आंद्रियचा अजून पत्ता नाही. तो रोजचा फोन आता मामेभावाला येतो.